गुडघ्यातलं पाणी

नियम असा, की आपल्या माणसाचा नमुना
शेजारच्या टेबलावर सरकवायचा.
रात्रपाळीला शेजारचं टेबल रिकामं होतं.
नळीवर नाव: हालातोआ, माआफू. वय एकोणसाठ. उजवा गुडघा.
मी काच पुसली. दोनदा.

ऑकलंडच्या विमानतळावर तो लोकांच्या बॅगा उचलतो,
चोवीस वर्षं. कुणाचं काय जड आहे
ते हाताला कळतं, म्हणतो.
परवा रात्री मात्र चादरीचं वजन झेपेना.
आईने दोन खुर्च्यांवर ती तंबूसारखी ताणली,
पाय आत ठेवला,
तर दाराच्या फटीतला जुलैचा वारा टोचू लागला.

दिवा लावला, भिंग खाली आणलं.
पिवळ्या सुया. काच फिरवली की निळ्या.
इतक्या देखण्या, की कुणाच्या आहेत
हे क्षणभर विसरले.
एक पेशी तर सुईत ओवल्यासारखी,
दोन्ही बाजूंनी टोकं बाहेर,
न मावणारं गिळून बसलेली.

गिळणं तिचं काम. पचवणं तिला जमत नाही.
आतली पिशवी फाटते
आणि ती बोंब ठोकते.
मग येतात हजारोंनी, रक्तातून, भिंती ओलांडून,
आल्या आल्या चुलीत साखर कोंबतात.
सावकाश जाळली तर एका खड्यामागे तीस नाणी.
घाईत दोन.
पण वणवा लागल्यावर मंद आचेचा हिशोब कोण करतं?
दोन घेतात, आंबट राख बाहेर फेकतात,
पुन्हा साखर मागतात.
म्हणून लाल. म्हणून गरम.
चोर सोडून संन्याशाला फाशी:
सुई तशीच,
जळतो तो सांधा.

डॉक्टर म्हणाला, बिअर कमी करा.
बाबा हसला.
बिअर सोडून त्याला अकरा वर्षं झाली,
रविवारी तो चर्चमध्ये ताटं फिरवतो.
मी मध्ये बोलू शकले असते, की
युरिक आम्ल मोडायची किल्ली
माणूस माणूस व्हायच्या आधीच कुठेतरी पडली,
आणि आमच्या घराण्याच्या मूत्रपिंडांचा
ते बाहेर टाकताना हात आखडता.
बोलले नाही. बाबा हसत होता ना.
आजोबांचा अंगठाही असाच सुजायचा.
तिकडे, हापाईत, त्याला शाप म्हणत.
इथे आहार म्हणतात.

मी भिंग थोडं डावीकडे सरकवलं.
आधीच्या लाटेत आलेल्या पेशी फुटून पडल्या होत्या,
आपल्याच गाभ्यातले धागे बाहेर उसवून.
धाग्यांत सुया, धाग्यांत त्या स्वतः,
आणि बोंबेचे शब्दही त्याच गुंत्यात अडकून
तुकडे तुकडे होत चाललेले.
असा विझतो गुडघा. आठव्या-नवव्या दिवशी.
औषधाने लवकर, औषधाविनाही कधीतरी.
आजोबा जाळं फेकत ते परत ओढायला.
हे कुणी ओढत नाही.

विझतो म्हणजे काय, तेही मला ठाऊक आहे.
सुंभ जळतो, पीळ जात नाही.
ज्या पेशी वाचल्या त्यांनी आगीची वाट पाठ केली,
पुढच्या वेळी त्यांना
एवढीशी ठिणगी पुरेल.
कोपरावरची गाठ बाबा शर्टाच्या बाहीखाली झाकतो,
उन्हाळ्यातसुद्धा.

चार वाजता अहवाल लिहिला.
खाली शेरा: तंत्रज्ञ रुग्णाची मुलगी,
सकाळी रुआनने पुन्हा पाहून सही करावी.
मग पार्किंगमध्ये जाऊन फोन लावला.
तो जागाच होता.
"काय सापडलं?"
"सुया."
थोडा वेळ फक्त त्याचा श्वास.
मागे आई खुर्ची सरकवत असावी.
"वजन किती भरेल?" त्याने विचारलं,
अगदी कामावरच्या आवाजात.

माझ्याकडे त्याचा आकडा नव्हता.